टॉवेल कारखान्याचा डेटा कुणाच्या हातात होता? अक्कलकोट रोडवरचं एक प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना. मालकांनी लिहायला होकार दिला तो नाव न टाकण्याच्या अटीवर, त्यामुळं इथं माणसं मालक, मुनीमकाका, मालकांची मुलगी आणि सॉफ्टवेअरवाला एवढ्याच ओळखीनं येतील. चोवीस माग, थोडे जकार्डचे बाकी साधे, मुख्य माल टॉवेल आणि नॅपकिन, शिवाय बाथरोब आणि डबल बेडच्या चादरी दुसऱ्यांकडून करून घेऊन विकतात. ह्या ट्रेडिंगमुळं मधल्या एका वर्षी उलाढाल पाच कोटींच्या वर गेली होती, हे जरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी अकाउंट आणि डेटाची कामं करतो, मला बोलावणं आलं ते घोटाळा झाल्यावर. लिहायचं कारण एवढंच की हीच परिस्थिती मला सोलापुरात बऱ्याच ठिकाणी दिसते, चाटी गल्लीतल्या दुकानात, युनिफॉर्मवाल्यांकडं, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवाल्यांकडं, आणि प्रत्येक जण म्हणतो आमच्याकडं तर सगळं कॉम्प्युटरवर आहे. इथंही २००९ पासून सगळं कॉम्प्युटरवर होतं. पण कॉम्प्युटर वापरता येणं आणि धंद्याचा डेटा आपल्या ताब्यात असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आपल्याला कुणी शिकवतच नाही.

प्रोग्राम चांगलाच होता

आधी हे सांगतो कारण असल्या प्रकरणात लोक पटकन म्हणतात, लोकल पोराकडून सॉफ्टवेअर करून घेतलं हीच चूक. मला ते अजिबात पटत नाही. २००९ मध्ये ओळखीतल्या एका पोरानं कारखान्यात बसून, मागावर उभं राहून, मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरला विचारून विचारून हा प्रोग्राम लिहिला. कुठला भीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) कुठल्या मागावर चढवला, त्यात सूत किती किलो गेलं, त्यातनं किती डझन उतरले, सेकंड म्हणजे खराब नग किती निघाले, कुठल्या कामगाराची किती मजुरी झाली, त्यातनं उचल किती कापायची आणि शनिवारी हातात किती द्यायचे, हे सगळं एका स्क्रीनवर. बाजारातलं कुठलंही रेडिमेड अकाउंटिंग पॅकेज घ्या, त्याला भीम म्हणजे काय हे माहीतच नसतं. म्हणजे गरज खरी होती आणि कामही मनापासून केलेलं होतं.

प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मधला, डेटा ॲक्सेसच्या एका एमडीबी फाइलमध्ये. व्हीबी ६ चा डेव्हलपमेंट सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २००८ मध्येच थांबवला होता, पण छोट्या कामांना तेव्हा सर्रास तेच वापरायचे. लेखी काही ठरलं नव्हतं. पैसे रोख, पुढं दरवर्षी एएमसी म्हणजे देखभालीचे पैसे, आणि एक एप्रिलला प्रोग्राम उघडायला एक कोड मागणार, तो कोड फोनवर मिळणार.

मग पोरगा पुण्याला गेला. इथल्या निम्म्या शिकलेल्या पोरांचं तेच होतं, त्यात त्याला नाव ठेवण्यासारखं काहीच नाही. तिथं नोकरी, घर, लहान मूल, आणि सोलापूरची जुनी गिऱ्हाइकं रात्री नऊनंतर एनीडेस्कवर, म्हणजे पुण्यात बसून इथला कॉम्प्युटर चालवायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा त्यानं बिल बदलून दिलं, २०१८ मध्ये मालवाहतुकीसाठीचं ई-वे बिल आलं तेव्हा एक फाइल काढून दिली, पण प्रत्येक वेळी ठिगळ लावल्यासारखं. कारण मूळ प्रोग्राम व्हॅटच्या काळातला, त्यात कराचा दर कोडमध्येच, म्हणजे प्रोग्रामच्या आतल्या लिखाणातच, लिहून टाकलेला, मालकाला किंवा काकांना बदलता येईल असा दरांचा तक्ता, म्हणजे मास्टरच नव्हता.

१ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरच्यांना ई-इन्व्हॉइस लागू झालं, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा आयआरएन नावाचा नंबर घ्यायचा. नियम असा की २०१७-१८ पासून कुठल्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल पाच कोटींच्या वर गेली असेल तर लागू, आत्ता कमी असली तरी. म्हणजे हा कारखाना त्यात आला. सॉफ्टवेअरवाला म्हणाला जोडून देतो, वेळ लागेल. तो वेळ आलाच नाही आणि काका दोन वर्षं प्रत्येक बिल दोनदा करत राहिले, एकदा प्रोग्राममध्ये आणि एकदा सरकारी पोर्टलवरनं फुकट मिळणाऱ्या ऑफलाइन टूलमध्ये हातानं टाइप करून. साठीच्या घरातला माणूस, डोळ्याला मोतीबिंदूचा त्रास, टॉवेलचा ६३०२६० हा एचएसएन, म्हणजे करासाठीचा मालाचा नंबर, झोपेतही सांगेल, पण एकच माहिती दोनदा भरायला का लागते हे त्यांनी कधी विचारलं नाही कारण कुणाला विचारायचं हेच ठरलेलं नव्हतं.

२२ सप्टेंबर २०२५

घटस्थापनेचा दिवस. त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. टॉवेल-चादरीसारख्या मालाला आधी नियम होता की नग हजार रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, वर १२ टक्के. आता मर्यादा २५०० झाली, त्याखाली ५ आणि वर १८. कपड्यांनाही तसंच. साध्या टॉवेलला काहीच फरक पडला नाही, ते हजाराच्या आतच असतात. फरक पडला तो दीड-दोन हजाराच्या चादरी आणि बाथरोबना, आणि दिवाळीच्या तोंडावर हॉटेलवाल्यांना आणि गिफ्टला नेमका तोच माल जातो.

प्रोग्राममध्ये हजाराची मर्यादा कोडमध्ये गाडलेली. बिल केलं की १२ टक्केच येणार. काकांनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला, तो ऑफिसच्या कुठल्यातरी मोठ्या कामात अडकलेला, म्हणाला रविवारी बघतो. इकडं ट्रान्सपोर्टवाला दारात उभा, गठाणी बांधून तयार. मालक म्हणाले माल जाऊ दे, नंतर बघू. काका म्हणायचे, "ह्यात बाराच टक्के यायलंय ओ, मी तरी काय करू?" आणि पोर्टलच्या टूलमध्येही तेच बारा भरायचे, कारण दोन्हीकडं आकडा जुळला पाहिजे ही त्यांची वर्षानुवर्षांची शिस्त.

हैदराबादच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटनं ते पकडलं आणि पेमेंट अडवलं. आता ई-इन्व्हॉइस रद्द करायची मुदत २४ तासांची असते, ती कधीच गेलेली. मग प्रत्येक बिलाची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद, तिचाही आयआरएन. आणि गिऱ्हाइकाकडनं जास्त घेतलेला कर आपल्याकडं ठेवून चालत नाही, घेतला म्हणजे सरकारला भरावाच लागतो किंवा नीट कागद करून दुरुस्त करावा लागतो. रेल्वे लाइन्समधल्या कर सल्लागाराच्या ऑफिसात मालकांची मुलगी रोज जाऊन बसायला लागली ती तेव्हापासून.

मुलगी बीकॉम, एमएससीआयटी झालेली, लग्नानंतरही सोलापुरातच, आणि वडिलांच्या ऑफिसात नुकतीच बसायला लागलेली. माझ्या मते ह्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम तिनं केलं आणि ते म्हणजे तिनं एक साधा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं की आपल्याकडं कुठकुठला पासवर्ड नाही.

तो कागद बघून मालक बराच वेळ गप्प होते. डेटाच्या फाइलचा पासवर्ड सॉफ्टवेअरवाल्याकडं. जीएसटी पोर्टलवर नोंदलेला मोबाइल आणि ईमेल कर सल्लागाराच्या ऑफिसातल्या एका मुलाचा, जो मागंच काम सोडून गेला, म्हणजे ओटीपी कुणाच्यातरी तिसऱ्याच फोनवर. कॉम्प्युटरचा ॲडमिन पासवर्ड हार्डवेअरवाल्याकडं. आणि बॅकअप? काका रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी न चुकता बॅकअपचं बटण दाबायचे, सोळा वर्षं. ते बटण फाइलची कॉपी डी ड्राइव्हमध्ये टाकायचं. डी ड्राइव्ह म्हणजे त्याच हार्ड डिस्कचा दुसरा भाग. डिस्क गेली की मूळ फाइल आणि बॅकअप दोन्ही एकदमच जाणार. ती डिस्क तेव्हा आवाज करायला लागलेली होती. विंडोज ७, ज्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय, आणि त्यावर इंटरनेट चालू.

मला काकांचा काडीचाही दोष वाटत नाही. ज्या माणसाला सुताचा काउंट आणि भीमची लांबी सांगितली की किती डझन निघणार हे तोंडी सांगता येतं, प्रोग्राममधल्या सगळ्या की ज्याच्या बोटात आहेत, त्याला अडाणी कसं म्हणणार? त्यांना जे बटण दाखवलं ते त्यांनी इमानदारीनं दाबलं. ते बटण नेमकं काय करतं हे सांगायचं काम विकणाऱ्याचं होतं. आणि मुलगीही म्हणाली की एमएससीआयटीत मला एक्सेलचे फॉर्म्युले शिकवले, प्रेझेंटेशन शिकवलं, पण डेटा कुठल्या फोल्डरमध्ये असतो, बॅकअप परत उघडून कसा बघायचा, विक्रेता बदलायचा झाला तर त्याच्याकडनं काय मागायचं ह्यातलं काही डोक्यात राहिलं नाही. माझी तर इच्छा आहे की असल्या कोर्सात निदान एक दिवस फक्त एवढंच शिकवावं, आपल्या इथल्या कारखान्यांना त्याचा प्रेझेंटेशनपेक्षा शंभरपट उपयोग होईल.

कोड त्याचा, नोंदी आपल्या

पहिलं काम कुणाशीही भांडायच्या आधीचं. प्रोग्राम बंद करून पूर्ण फोल्डर दोन वेगळ्या एक्सटर्नल डिस्कवर कॉपी केला, एक कारखान्यात, एक घरी. मग नव्या मशीनवर तो फोल्डर टाकून प्रोग्राम चालतो का बघितलं, आणि चालला. हार्डवेअरवाल्यानं इतकी वर्षं सांगितलं होतं की नवीन विंडोजवर हे चालणारच नाही म्हणून जुनं मशीन धरून बसलेले. व्हीबी ६ चे ३२-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर साधारणपणे चालतात, एखाददुसरी जुनी फाइल रजिस्टर करावी लागते एवढंच. चालत नाहीत ते डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्राम, आणि लोक दोन्ही एकाच पोत्यात घालतात.

मग सॉफ्टवेअरवाल्याशी बोलणं. तो सुरुवातीला म्हणाला पासवर्ड देता येणार नाही, माझं डिझाइन आहे, आणि नवीन क्लाउड व्हर्जन येतंय, महिन्याचं भाडं भरा, त्यात सगळं मिळेल. मालक चिडले, वकिलाकडं जायचं म्हणाले. इथं कायदा काय म्हणतो ते बघायला पाहिजे. कॉपीराइट ॲक्ट १९५७ प्रमाणं प्रोग्राम पगारी नोकरानं लिहिला तर सहसा मालकाचा, पण बाहेरच्या माणसाकडनं करून घेतला आणि कागदावर काही ठरलेलं नसेल तर कॉपीराइट सहसा लिहिणाऱ्याचा राहतो. म्हणजे कोड त्याचा, ह्यावर भांडण्यात अर्थ नव्हता. पण आतल्या नोंदी, पार्ट्या, बिलं, कामगारांची खाती ही कारखान्याची. आणि सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशोब जपायची जबाबदारी कारखानदाराची असते, सॉफ्टवेअरवाल्याची नाही. २०१९-२० च्या वार्षिक रिटर्नची मुदत ३१ मार्च २०२१ होती, म्हणजे त्या वर्षाचे कागद मार्च २०२७ पर्यंत दाखवता आले पाहिजेत. उद्या अधिकारी मागायला आला तर "पासवर्ड पुण्यात आहे" हे उत्तर चालत नाही.

मुलीनं हे सगळं त्याला फोनवर नीट सांगितलं, आवाज न चढवता, आणि म्हणाली दादा तुझा कोड आम्हाला नकोच आहे, सगळे टेबल एक्सेलमध्ये काढून दे, त्या कामाचे वेगळे पैसे घे, आणि एक एप्रिलचा कोड कायमचा काढून टाक म्हणजे जुनं बघायला तरी प्रोग्राम उघडता येईल. तो तयार झाला. मला वाटतं त्यालाही ओझं झालेलं होतं. दिवसभर नोकरी करून रात्री सोळा वर्षांपूर्वीचं काम सांभाळणारा तोही एकटाच होता, त्याच्यामागं ना कंपनी ना दुसरा माणूस, आणि उद्या त्याला काही झालं असतं तर तो पासवर्ड त्याच्याबरोबरच गेला असता. छोट्या धंद्याचं छोट्या विक्रेत्यावर असलेलं हे अवलंबित्व दोघांनाही तितकंच जड जातं, आणि ते मोकळेपणानं बोलायची वेळ सहसा भांडणातच येते.

उचलीचा हिशोब

एक्सेल फाइल आल्या, आकडे बरोबर, पण नावांच्या जागी सगळी विचित्र इंग्रजी अक्षरं. कारण २००९ मधला मराठी फॉन्ट युनिकोड नव्हता, त्यात अक्षर आत इंग्रजी कोडनंच साठवलं जायचं आणि फक्त फॉन्टमुळं मराठी दिसायचं. फॉन्ट काढला की उरतो तो कचरा. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्वदीर्घ सगळीकडं घसरतात. पार्ट्यांची नावं जीएसटी नंबरवरनं पोर्टलवर शोधून बरोबर करता आली. भरलेली जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीची रिटर्न, पोर्टलवरनं उतरवता येतात, त्यात प्रत्येक नोंदणीकृत गिऱ्हाइकाचं बिल नंबर-तारखेसकट असतं, म्हणजे मागच्या काही वर्षांच्या विक्रीचा मोठा भाग तसाही कुठंतरी सुरक्षित होता. त्यासाठी आधी पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेल मालकांच्या नावावर करून घ्यावा लागला. सल्लागारानं जुन्या मुलाला शोधून ओटीपी मिळवून दिला, नाहीतर कागद घेऊन जीएसटी ऑफिसला जावं लागलं असतं.

पण कामगारांचं काय? कुठल्याच सरकारी पोर्टलवर कामगाराची उचल नसते.

आपल्याकडं मागावरच्या माणसाची उचल म्हणजे काय हे बाहेरच्याला कळत नाही. पोरीचं लग्न, दवाखाना, घरकुलाचा हप्ता, कशाकशासाठी घेतलेली रक्कम, वर्षानुवर्षं आठवड्याला थोडी थोडी कापली जाणारी, आणि कारखाना सोडायचा तर आधी ती फेडायची किंवा नव्या मालकानं भरायची. त्यातला एक आकडा चुकला तर तो साधा डेटा एंट्रीचा दोष राहत नाही, कुणाच्यातरी घरात रात्री भांडण होतं. आणि इथं तीच नावं कचरा झालेली, वर एकाच आडनावाचे चौघं, त्यातल्या दोघांचं पहिलं नावही एकच.

मुलीनं आणि जॉबरनं बसून नावं लावली. जॉबर तेलुगू बोलणारा, त्याला प्रत्येकाचं घर माहीत, कोण कुणाचा भाऊ ते माहीत. मग शनिवारी हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, वाटायच्या आधी एकेकाला ऑफिसात बोलावून त्याची बाकी वाचून दाखवली, पटलं का विचारलं, सही किंवा अंगठा घेतला. काहींकडं स्वतःची वही होती. एका कामगाराची बाकी त्याच्या वहीपेक्षा प्रोग्राममध्ये जास्त निघाली, आणि काकांचं लाल कापडाचं रजिस्टर उघडलं तेव्हा कामगाराची वही बरोबर ठरली, उचलीपोटी कापलेली एका आठवड्याची रक्कम प्रोग्राममध्ये दुसऱ्याच्या नावावर पडलेली, त्याच त्या सारख्या नावाच्या माणसाच्या. तिथल्या तिथं दुरुस्त केलं. काकांनी कागदी रजिस्टर बंद केलं नव्हतं म्हणून हे निभावलं. मालक त्यांना नेहमी म्हणायचे आता कशाला लिहिताय, कॉम्प्युटर आहे की.

आत्ता कुठं आहे

बिलं, ई-इन्व्हॉइस आणि खातेवही एका नेहमीच्या पॅकेजवर गेली. घेण्याआधी मुलीनं डेमोवाल्याला फीचर विचारलेच नाहीत, ती म्हणाली एक खोटं बिल करा, कराचा दर मला स्वतःला बदलून दाखवा, सगळी खाती एक्सेलमध्ये काढून दाखवा, आणि उद्या मी रिन्यूअल भरलं नाही तर जुनं बघता येईल का ते लिहून द्या. तीन डेमोवाल्यांपैकी एक शेवटच्या प्रश्नाला निघूनच गेला. काका आता बिल एकदाच करतात, सुरुवातीला की बदलल्या म्हणून फार त्रागा केला त्यांनी, आता बरंय.

बॅकअप दर शनिवारी हप्त्यानंतर, डिस्क घरी जाते, आणि महिन्यातनं एकदा ती डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावून एखादं जुनं बिल उघडून बघतात. हे उघडून बघणं मी फार आग्रहानं लावलं, कारण उघडून न बघितलेल्या बॅकअपचा मला भरवसा वाटत नाही.

मजुरी आणि उचल मुलीच्या एक्सेलमध्ये आहे, कामगाराला नंबर दिलेत म्हणजे नावांचा घोळ होत नाही. पण भीमवार सुताची घट काढायचा रिपोर्ट मात्र एक्सेलमध्ये नीट बसला नाही. किती सूत गेलं आणि किती वजनाचा माल उतरला ह्यातला फरक मागनिहाय दिसायचा, कुठला माग सूत खातोय ते दोन दिवसांत कळायचं, आता महिन्याच्या शेवटी कळतं आणि तोपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. मालकांना तो रिपोर्ट परत पाहिजे. जुन्या सॉफ्टवेअरवाल्यालाच विचारलंय, कारण हे काम त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, तो हो म्हणालाय. ह्या वेळी काम सुरू व्हायच्या आधी दोन पानी कागद झाला, त्यात डेटाची फाइल कुठं राहील, पासवर्ड कुणाकडं राहील, दर कोण बदलणार आणि त्याला जमेनासं झालं तर कोड कुणाला द्यायचा हे मराठीत लिहिलंय आणि दोघांच्या सह्या आहेत. पैशाचा आकडा अजून ठरायचाय, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी तो गावी येणार तेव्हा बसून बोलायचं ठरलंय.